बोल्टचे कोपरे गेले? जोर लावण्याआधी थांबा. जुन्या गाडीचा गंजलेला नट कसा सोडवतात?

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये सायलेन्सरच्या कामाच्या गाड्या यायला लागतात. जुनी १०० सीसीची मोटारसायकल, खालून कुजलेला सायलेन्सर आणि मालकाने आधीच विकत आणून ठेवलेला नवा. काम खरे तर अर्ध्या तासाचे. पण इंजिनाच्या हेडला सायलेन्सरची नळी धरून ठेवणारे दोन नट जागचे हलत नाहीत. बहुतेक वेळा घरी एक प्रयत्न होऊन गेलेला असतो. आधी पाना, मग पक्कड, मग पान्याला लावलेला पाइप. त्यामुळे गाडी गॅरेजला पोहोचते तेव्हा नटाचे सहा कोपरे झिजून गोल झालेले असतात.

नट काही रुपयांचा असतो. तो ज्या स्टडवर बसतो तो स्टडही महाग नसतो. पण हा स्टड हेडच्या तोंडाशी तुटला तर हेड उतरवावे लागते, लेथवाल्याकडे न्यावे लागते, तुटलेला तुकडा काढून नवे आटे पाडावे लागतात आणि बसवताना गॅस्केट नवे लागते. अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते. यामाहा आरएक्स १०० किंवा जुन्या चेतकसारखी गाडी असेल, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. ज्या गाड्यांचे उत्पादन कधीच थांबले आहे, त्यांचे अस्सल हेड किंवा इंजिन केसिंग शोधत जुन्या बाजारात फिरावे लागते.

म्हणून अडकलेल्या बोल्टच्या बाबतीत खरा प्रश्न ‘किती जोर लावायचा’ हा नसून ‘कधी थांबायचे’ हा आहे.

नट अडकतो म्हणजे नेमके काय होते?

नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये अगदी बारीक फट ठेवलेली असते. ती नसती तर नट फिरलाच नसता. या फटीत पाणी शिरले की लोखंड गंजते आणि गंजाची गंमत अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. गंजाच्या प्रकारानुसार हे प्रमाण साधारण दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. म्हणजे फट आतून भरत जाते आणि शेवटी गंज पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाबून बसतो. बोल्ट कोणी जास्त कसलेला नसतो. तो आतल्या आत घट्ट झालेला असतो.

लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये असेल, तर प्रकार आणखी वेगळा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये खारट पाणी आहे, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते. रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईच्या किनारी भागातील गाड्यांचे बोल्ट काढताना आट्यांवर ही पांढरी पूड दिसते, ती याचीच. पुरात बुडून निघालेल्या गाडीत तर गाळही सोबतीला असतो.

सायलेन्सरच्या नटाला तिसरा त्रास आहे, तो म्हणजे उष्णतेचा. रोज तापायचे, रोज थंड व्हायचे, वरून पावसाचे पाणी पडायचे. गाडीवर सर्वांत हट्टी नट इथलेच असतात.

आता थोडे आकडे. बोल्ट कसताना आपण लावलेल्या ताकदीपैकी साधारण निम्मी ताकद डोक्याखालच्या घर्षणात जाते, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जाते आणि भाग एकमेकांना दाबून धरायला जेमतेम १० टक्के उरते. चांगल्या स्थितीतल्या बोल्टची ही कथा. गंजाने आट्यांतले घर्षण वाढले की सोडवताना लागणारी ताकद कुठल्या कुठे जाते आणि ती सगळी बोल्टच्या दांड्याला पीळ देते. ६ मिमीचा साधा बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरला कसतात. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला, तर जवळपास ४० न्यूटन-मीटर होतात. हाताला हा जोर फारसा वाटतही नाही. पण बोल्टसाठी तो चौपट असतो. त्यात पान्याला पाइप जोडला, तर बोल्ट सुटण्याच्या आधी तुटणार हे ठरलेलेच.

मग कोपरे का जातात?

बहुतेकदा चुकीच्या पान्यामुळे. तोंडाचा, म्हणजे फिक्स पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला की त्याचे जबडे किंचित फाकतात आणि कोपऱ्यावरून घसरतात. बारा खाचांचा रिंग पाना सोयीचा खरा, पण त्याची पकड कोपऱ्यांच्या जवळ असते. गंजलेल्या बोल्टला सहा बाजूंचे सॉकेट, गॅरेजच्या भाषेत गोटी, लावावी. ती कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर बसते. ॲडजस्टेबल पाना आणि पक्कड या कामाच्या वाटेला जाऊच नयेत. पक्कड ही शेवटच्या टप्प्यातील वस्तू आहे, पहिल्या नव्हे.

मापाचा घोळ जुन्या गाड्यांत जास्त होतो. जपानी वळणाच्या मोटारसायकलींवर १०, १२, १४ आणि १७ मिमीची डोकी सर्रास दिसतात. व्हेस्पाच्या कुळातील चेतकच्या इंजिनावर मात्र ७ मिमीचे स्टड आणि त्यावर ११ मिमीचे नट असतात. घरच्या सेटमध्ये ११ चा पाना नसतो, मग १२ चा लावला जातो आणि तिथेच घात होतो. विलीजच्या आराखड्यावर बनलेल्या जुन्या जीपचे बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. तिथला अर्ध्या इंचाचा बोल्ट म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना ‘बसतो’, पण सैल बसतो. जुन्या बुलेटवर तर ब्रिटिश व्हिटवर्थ मापे सापडतात. तिथे पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो.

इंजिनाच्या साइड कव्हरवरील चार खाचांच्या स्क्रूंचीही अशीच गोष्ट. ते फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात. पण १९८५ च्या सुमारास आलेल्या जपानी तंत्रज्ञानाच्या मोटारसायकलींवर ते जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस प्रकारचे असतात. अनेकदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत तळापर्यंत टेकत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खातो. आजवर हजारो साइड कव्हरांचे स्क्रू या एका गैरसमजापायी गोल झाले असतील.

हात लावण्याआधी

पहिले काम तारेच्या ब्रशचे. बोल्टच्या डोक्यावरचा चिखल आणि गंज काढल्याशिवाय पाना पूर्ण खोल बसत नाही. बोल्ट आरपार गेला असेल, तर मागून बाहेर आलेले आटेही घासून काढावेत. नाही तर नट सुटतो, दोन फेरे फिरतो आणि त्या गंजलेल्या आट्यांवर पुन्हा अडकतो.

दुसरे काम दिशा तपासण्याचे. हे ऐकायला बालिश वाटते, पण गाडीखाली झोपून वरच्या बाजूचा नट सोडवताना डावे-उजवे भल्याभल्यांचे चुकते. शिवाय काही ठिकाणी आटेच उलटे असतात. यामाहाच्या अनेक मोटारसायकलींच्या उजव्या आरशाला, सायकलच्या डाव्या पेडलला, विलीज जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. असा नट ‘सुटत नाही’ म्हणून जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात तो कसत असतो.

मग तेल. इथे मोठा गैरसमज आहे. घराघरात पोहोचलेल्या डब्ल्यूडी-४० या स्प्रेच्या नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’. १९५३ मध्ये तो तयार झाला, तो पाणी हटवण्यासाठी. हलक्या गंजाला तो चालतो, पण जाम झालेल्या बोल्टसाठी खास गंज सोडवणारे पातळ तेल वेगळे मिळते. गॅरेजमध्ये पूर्वापार घासलेट आणि डिझेल वापरले जाते, त्यामागचे तत्त्वही तेच आहे. द्रव जितका पातळ, तितका तो केशाकर्षणाने बारीक फटीत शिरतो. घट्ट इंजिन ऑइल ओतून मात्र काही होत नाही. ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचे एटीएफ तेल यांचे घरगुती मिश्रणही अनेक जण वापरतात. ते नीट मिसळून राहत नाही, दरवेळी हलवून घ्यावे लागते, आणि ॲसिटोन रंग व प्लास्टिक खाते व झटकन पेट घेते, हे लक्षात ठेवून काय ते करावे.

कुठलेही तेल असो, त्याला वेळ हवा. पाच मिनिटांत पाना लावणे म्हणजे तेल वाया घालवणे. रात्री मारावे, सकाळी पुन्हा मारावे आणि मगच हात लावावा. रविवारी काम करायचे असेल, तर शुक्रवारी रात्रीपासून दिवसातून दोनदा तेल सोडणारा मालक गॅरेजचा खर्च वाचवतो.

तेल मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, मध्यम ठोके द्यावेत. ठोक्यांनी आट्यांतील गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. त्यानंतरचा पहिला झटका सोडण्याच्या दिशेने न देता कसण्याच्या दिशेने, अगदी हलका द्यावा. बोल्ट केसभर जरी हलला तरी पकड तुटली. मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत कसायचा, तेल मारायचे, पुन्हा सोडायचा. या पुढे-मागे करण्यात गंजाची भुकटी बाहेर पडते. एकदा सुटला म्हणून एकाच दमात फिरवत नेला, तर तीच भुकटी पुढच्या आट्यांत पाचर होऊन बसते.

हाताला एक गोष्ट मात्र कळायला हवी. बोल्ट सुटताना ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो आणि तो मोकळा होतो. पीळ बसताना आवाज येत नाही. पाना रबर ताणल्यासारखा मऊपणे फिरतो. हा मऊपणा जाणवला की त्याच क्षणी थांबायचे. कारण त्यानंतर तुटतोच.

चार खाचांच्या स्क्रूसाठी हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. मागे हातोडी मारली की तो बिट खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. जुन्या मोटारसायकलीवर स्वतः काम करणाऱ्याने पहिल्यांदा काय विकत घ्यावे, असे विचारले तर उत्तर हेच. खाच थोडी खराब झाली असेल, तर बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावल्यास पकड वाढते.

तेलाने नाही झाले तर उष्णता

तापवण्याचे गणित सोपे आहे, पण ते अनेकदा उलटे केले जाते. बोल्ट तापवला तर तो फुगतो आणि जास्त घट्ट होतो. तापवायचा असतो तो बाहेरचा भाग. स्टडवर नट असेल तर नट, केसिंगमध्ये बोल्ट असेल तर बोल्टभोवतीचे केसिंग. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापमान १०० अंशांनी वाढले, तर ८ मिमीचे ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.०१८ मिमीने मोठे होते, तर बोल्ट ०.०१ मिमीने जाड होतो. फरक केसापेक्षाही कितीतरी कमी. पण गंजाचा थर तडकवायला तो पुरतो. गरम बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली, तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. जुने मिस्त्री ही युक्ती आजही वापरतात आणि ती काम करते.

हीट गन असेल तर उत्तम. गॅसची ज्योत घ्यायची झाली, तर आधी आजूबाजूला काय आहे ते पाहावे. पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर, इंधनाची नळी, ब्रेकची होज, वायरिंग, ऑइल सील यांपैकी काहीही जवळ असेल तर ज्योत नको. शॉक ॲब्सॉर्बर कधीही तापवू नये, आतला दाब वाढून तो फुटू शकतो. नुकत्याच मारलेल्या स्प्रेवर ज्योत धरणे म्हणजे आगीला आमंत्रण. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते. ते तापले की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग पूर्ण सुकल्याशिवाय तापवू नये. लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते.

आणखी एक. अडकलेला बोल्ट जोरात ओढताना गाडी नुसत्या जॅकवर नको. त्या हिसक्याने जॅक निसटतो. चाकाचे नट तर चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे असतात. ठोकताना, घासताना, ड्रिल करताना डोळ्यांवर गॉगल हवाच.

कोपरे गेलेच असतील तर

इथून पुढचा क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात बोल्टचे थोडे डोके कमी होते.

सर्वांत आधी एक माप लहान, सहा बाजूंची गोटी ठोकून बसवून पाहावी. १३ चा बोल्ट झिजला असेल, तर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिमीची गोटी त्यावर ठोकून घट्ट बसते. जीपवाल्यांकडची इंचाची गोटी अशी कामाला येते. ॲलन बोल्टचा षटकोन गोल झाला असेल, तर ताऱ्याच्या आकाराची टॉर्क्स बिट ठोकतात. ५ मिमीच्या ॲलनमध्ये टी-३० बिट धार रोवून बसते.

त्यानंतर आतून उलट्या पिळाच्या धारा असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी. ती जितकी फिरते तितकी डोक्यात रुतते. ती नसेल आणि डोके उघड्यावर असेल, तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून पुढच्या लहान मापाचा पाना लावता येतो. लॉक होणारी ग्रिप पक्कड याच टप्प्यावर वापरायची, तीही पूर्ण कसून, डोळे मिटून नव्हे.

सायलेन्सरच्या नटासारखा स्टडवरचा नट असेल, तर तो वाचवण्यात काहीच अर्थ नाही. नट कापावा. स्टडला समांतर अशी एक चीर नटावर जवळपास आट्यांपर्यंत पाडायची आणि तिच्यात छिन्नी ठेवून ठोका द्यायचा. नट फाकतो, स्टड वाचतो. नट स्प्लिटर नावाचे छोटे हत्यार हेच काम बिनआवाजाचे करते. जिथे आठवडाभर झुंज चालते, तिथे हा दहा मिनिटांचा उपाय बहुतेकांना शेवटी सुचतो. तो आधी सुचायला हवा.

डोके पूर्ण गेले असेल तर मात्र हत्यारे खाली ठेवावीत आणि वेल्डिंगवाला गाठावा. उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून त्याच्या भोकातून आतल्या लोखंडाला वेल्डिंग करतात. फायदा दुहेरी असतो. पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतला गंज तडकतो. भोवतीचे केसिंग ॲल्युमिनियमचे असेल, तर लोखंडाचे वेल्डिंग त्याला चिकटत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, नाही तर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळण्याची भीती असते.

आतच तुटला तर?

स्टडचा तुकडा थोडा बाहेर असेल, तर वेल्डिंग. नसेल तर ड्रिल. बरोबर मध्यावर सेंटर पंच, आधी बारीक ड्रिल, मग मोठे. उलट्या दिशेने कापणारे डाव्या हाताचे ड्रिल मिळाले, तर कधी कधी ड्रिल करतानाच तुकडा सुटून बाहेर येतो. भोक मध्यात पडले नाही, तर ड्रिल ॲल्युमिनियममध्ये घुसते, कारण ते लोखंडापेक्षा मऊ असते.

यानंतर अनेक जण ‘इझी आउट’ ठोकतात. नाव सोपे, परिणाम तसा नाही. हे हत्यार अतिशय कडक पोलादाचे असते. बोल्ट ज्या गंजामुळे पान्याने सुटला नाही, तो त्याहून बारीक इझी आउटने सुटेलच असे नाही. आणि इझी आउट आत तुटला, की साधे ड्रिल त्यावर चालत नाही. मग स्पार्क इरोजनचे यंत्र असलेली टूलरूम शोधावी लागते. भोसरी किंवा अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत डाय-मोल्डची कामे करणाऱ्यांकडे विचारणा करता येते, पण लहान गावातील माणसाला हेड घेऊन शहर गाठावे लागते. त्यामुळे हेडमध्ये तुटलेला स्टड हे घरचे काम नाही. तो थेट चांगल्या लेथवाल्याकडे द्यावा. आटे गेले असतील, तर तो भोक मोठे करून स्टेनलेस स्टीलच्या तारेचे हेलिकॉइल बसवतो. नीट बसवलेले हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

पुन्हा बसवताना

निघालेला गंजका नट-बोल्ट डब्यात जपून ठेवून परत लावण्याची आपल्याकडे सवय आहे. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाच्या बाबतीत ती मोडलीच पाहिजे. भोकातील जुने आटे योग्य मापाचा टॅप हाताने फिरवून स्वच्छ करावेत. बोल्ट पहिले तीन-चार फेरे पान्याशिवाय, बोटांनीच आत गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल, तर तो तिरका बसतोय.

आट्यांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे अँटी-सीझ ग्रीस बोटभर नव्हे, पुसट लावावे. त्याने घर्षण कमी होते, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हात थोडा आखडता घ्यावा. चाकाच्या नटांना मात्र कंपनीने सांगितले नसेल, तर ग्रीस किंवा तेल लावू नये.

आणि सायलेन्सरपुरते बोलायचे, तर नव्या सायलेन्सरबरोबरच दोन नवे स्टड, नळीच्या तोंडाचे गॅस्केट आणि पितळी नट घ्यावेत. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून ते स्टडवर चिकटून बसत नाही. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे कसावेत. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले की पाना पुन्हा एकदा लावून पाहावा. गॅस्केट दबल्यामुळे नट बहुधा थोडा ढिला झालेला असतो.